मुशीचा पहिला घास

कुंडल, ता. पलूस
९ डिसेंबर २०२४

राजेश्वरी,

वर ‘चि.’ लिहून खोडलं. आशीर्वादही लिहिले नाहीत. आठ वर्षांत तू मागितले नाहीस, तर मी होऊन कशाला देऊ? वाकडं वाटलं तर सोडून दे. म्हातारा बाप वाकडंच लिहिणार.

तुझ्या हाताखाली काम करणारा तौसीफ काल दुपारी येऊन गेला. बारा पिशव्या आणि तुझी चिठ्ठी. ‘प्रत्येक पिशवीत दगडाची तीस ग्रॅम पूड आहे. शिशात उतरवून, राखेच्या वाटीत शिसं जिरवून मागं उरेल तो रवा काढून द्या. रवे तेजाबात घालू नका, नंबर घालून तसेच तौसीफकडे द्या. प्रयोगशाळेचा निकाल यायला दोन महिने आहेत, मला अंदाज आधी हवा आहे.’ खाली नुसतं राजेश्वरी. आबा नाही, नमस्कार नाही. सरकारी नोटीस बरी, तिच्यात निदान ‘आपला विश्वासू’ असतं.

पण काम माझ्याकडेच पाठवलंस. डोंगरात खनिज शोधणाऱ्या तुझ्या पुण्याच्या कंपनीला साताऱ्यात, कोल्हापुरात कोणी मिळालं नसेल असं नाही. यावर मी जास्त लिहीत नाही.

तौसीफ खंडाळ्याचा, त्याला गलाई म्हणजे काय ते सांगावं लागलं. म्हटलं, सोनाराच्या दुकानातला केर, झिजलेल्या बांगड्या, जळकी चटई, जे येईल ते भट्टीत घालायचं आणि त्यातलं सोनं-चांदी वेगळं करून द्यायचं. सेलमला एकतीस वर्षं हेच केलं. आपल्या भागातली निम्मी गावं ह्याच कामाला देशभर पांगलीत, हेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग काका, तुमचं आन् मॅडमचं काम येकच की?” मी चहा ओतत होतो, ओतत राहिलो.

त्याच्याकडूनच कळलं की खंडाळ्याच्या डोंगरात अंबूबाई म्हणून कोणी म्हातारी आहे, तिच्या विहिरीला साठ फुटांवर पांढऱ्या दगडाची शीर लागली आणि तिच्यात पिवळं चमकलं. चमकलं ते खोटं सोनं, हे तू पहिल्याच दिवशी सांगितलंस म्हणे. तरी ती शीर तू सोडली नाहीस. डोंगरावर चर खणून चारशे मीटर तिचा माग काढलास. शिरेत पट्ट्यावर पट्टे आहेत, मध्ये पात्यांसारखे पापुद्रे आहेत, आणि असे दगड जिथं खालून कढत पाणी वर येताना उकळलं तिथं होतात, आणि पाणी उकळलं की त्यातलं सोनं-चांदी तिथंच खाली बसतं. हे तौसीफनं पाठ करून म्हणून दाखवलं. आपल्या काळ्या फत्तरात सोनं? मला हसू आलं होतं, पण उकळण्याचं ऐकून हसू थांबलं. तेवढं मला समजतं.

एक गोष्ट मात्र समजली नाही. पिशव्यांना हात लावायच्या आधी त्यानं बोटातली चांदीची अंगठी काढून खिशात घातली. त्यांच्यात काही रीत असेल म्हणून विचारलं नाही.

भट्टी चार वर्षं थंड आहे. उद्या साफ करतो. फोन करत नाही. तो तू उचलत नाहीस, आणि सेलमहून दर रविवारी तुला पत्र लिहायची सवय हाताला अजून आहे.

आबा


कुंडल
२२ डिसेंबर

राजेश्वरी,

रवे तौसीफच्या हाती दिले, पोचले असतील. तरी लिहितो, कारण काम झाल्यावर चार शब्द लिहिल्याशिवाय मला काम झाल्यासारखं वाटत नाही.

धातू वितळवायची माझी जुनी मूस तडकली होती. सिकंदर विट्याहून मातीची कोरी मूस आणि टाकणखार घेऊन आला. सिकंदर तुला आठवत असेल, मुशी विकतो, तुझ्या बारशाला वाळे त्यानंच आणले होते. भट्टी रीतीप्रमाणे लावली. एक ते बारा, ओळीनं. प्रत्येक पिशवी झाली की नुसता टाकणखार वितळवून मूस धुऊन घेतली. गिऱ्हाइकाच्या मालात एवढी काळजी कधी घेतली नसेल, आणि मी गिऱ्हाइकाच्या मालात काळजी घेणारा म्हणून सेलमच्या बाजारात नाव होतं.

पहिला रवा चिमट्यात धरून उजेडाकडं नेला. खसखशीच्या निम्मा, पण पिवळा. मी किलोनं सोनं पाहिलंय, राजेश्वरी. पण आम्ही गाळलेलं सगळं कोणाच्या ना कोणाच्या अंगावरून उतरलेलं असतं. कोणाची मोड, कोणाची अडचण. दगडातून सरळ आलेलं, कोणी न घातलेलं सोनं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी सिकंदरला भिंग दिलं. त्यानं बघितलं आणि भिंग सदऱ्याला पुसून परत दिलं.

दुसरा रवा जरा फिकट, तिसरा त्याहून. तीन नंबरची पूड काळपट होती, बाकीच्या पांढऱ्या. शिरेच्या कडेचा दगड असावा. असं उतरत उतरत आठच्या पुढं रवे पांढरेफटक. ती शिशातलीच मूळची चांदी, ती आम्ही धरत नाही. म्हणजे तुझा माल एका टोकाला आहे. कुठल्या टोकाला ते तुझं तुला ठाऊक.

तुझ्या आईच्या बोरमाळेचं मी काढत नाही. तू काढलंस तर बोलेन.

आबा


कुंडल
१९ जानेवारी २०२५

राजेश्वरी,

तू गेलीस त्याला चार दिवस झाले. घर अजून तसंच ठेवलंय. तू स्वयंपाकघराच्या फरशीवर कोळशानं जो डोंगर काढलास तो पुसला नाही. मनुबाई भांडी घासायला येते, तिला सांगितलं की तेवढी फरशी सोडून पूस. ती म्हणाली, “काय खुळ लागलंय का काय आबास्नी.”

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दारात जीप थांबली तेव्हा मला वाटलं तौसीफच. तू उतरलीस. केस पिकायला लागलेत तुझे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचार केला होता की आलीस तर काय काय बोलायचं, आणि बोललो काय, तर ‘भाकरी खाणार का?’ दोन खाल्ल्यास. बाजरीच्या, मनुबाईच्या हातच्या. शेंगदाण्याची चटणी तू मागून घेतलीस.

खाता खाताच फरशीवर तू डोंगर काढलास, त्यात शीर काढलीस, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे बारा ठिपके दिले. पहिल्या ठिपक्याशी दहा लिहिलंस. पुण्याला रवे तोलले, हजार किलो दगडात दहा ग्रॅम. दुसऱ्याशी सहा, पुढं चार, अडीच, दीड, आठच्या पुढं काही नाही. म्हणालीस, हजार किलोत एक ग्रॅम निघालं तरी माणसं डोंगर फोडतात, हे तर दहा आहे. मी म्हटलं, तीस ग्रॅम पुडीत ते किती झालं? तू सांगितलंस. मिलिग्रॅमचासुद्धा तिसरा हिस्सा. मी आमच्या काट्यावर तेवढं कधी तोललेलं नाही. आमचा काटा तेवढ्यावर हलतसुद्धा नाही.

तू मला एक गोष्ट विचारलीस. तिचं उत्तर मी तेव्हाच दिलंय, परत लिहायची गरज नाही.

मला वाटतं तू प्रयोगशाळेच्या कागदाची वाट बघावी. मी जुना गलाईवाला, भट्टी चार वर्षं बंद, डोळे हे असे. अंदाज तो अंदाज. त्यावर मोठी माणसं बोलावू नयेत, यंत्रं आणू नयेत. घाई करू नकोस एवढंच म्हणतो.

आणखी एक. तुझे कान मोकळे, गळा मोकळा, हातात काही नाही. तू माझ्या अंगठीकडे दोनदा बघितलंस तेही मी पाहिलं. अंगठी तुझ्या आजोबांनी लग्नात घातलेली, चाळीस वर्षं बोटातून निघालेली नाही. तू सोनं अंगाला लावत नाहीस ते माझ्यामुळं असेल, तर तसं स्पष्ट लिही. मी वाचू शकतो.

आबा


२६ जानेवारी

राजेश्वरी,

तौसीफला फोन केला होता. डोंगराला भोक पाडायचं मशीन या आठवड्यात येतंय म्हणाला. उत्तरेच्या टोकालाच लावणार का? त्याला ठाऊक नव्हतं. तू कळव. दोन ओळी पुरेत, तुझ्या चिठ्ठ्या चार ओळींच्या असतात.

सिकंदर माझ्याशी बोलत नाही. कारण पुढं कधीतरी.

आबा


कुंडल
२ फेब्रुवारी

राजेश्वरी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला बसलोय. आधीची दोन चुलीत गेली. आता जे लिहीन ते वाचून न बघता पाकिटात घालणार आहे.

गुरुवारी मी खंडाळ्याला आलो होतो. कराडहून सातारा, साताऱ्याहून खंडाळा, पुढं एका ट्रॅक्टरवर बसून तुझ्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत. ठरवून आलो होतो की तुझ्यासमोर उभं राहायचं आणि सांगायचं. पत्र्याच्या शेडपाशी मशीनचा ट्रक उभा होता, वर ताडपत्री. तू शेडमध्ये वाकून दगडाला भिंग लावून बघत होतीस. मी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली थांबलो. भिंग डोळ्याला लावताना तू एक खांदा वर करतेस. मीही करतो. सेलमला पोरं मला त्यावरून हसायची. तेवढं बघितलं, पुढं आलो नाही.

तिथून वळलो तो विहिरीवर गेलो. अंबूबाई कडेला शेणी थापत होती. वाटसरू समजून तिनं पाणी दिलं, मग चहाही केला. मी कोण ते मी सांगितलं नाही. यंत्र आलंय म्हटल्यावर तिला विचारलं, म्हातारे, तुला भीती नाही का वाटत? विहिरीच्या शिरेतूनच पाणी लागलंय, उद्या खाली सोनं निघालं तर विहीर जाईल. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

“मी पोरीला पयलंच इचारलं, सोनं घावलं तर माजी हीर बुजिवणार का? कंपनीचा सायब तितंच हुबा हुता. त्येच्या म्होरं ती म्हनली, आजी, बहुतेक काय घावायचं न्हाई. घावलं तर सायबाच्या आदी तुमास्नी सांगीन. म्हनून मी सही केली. पोरगी खोटं बोलत न्हाई. कुनाची हाय कुनास ठावं, पर चांगल्या घरची असंल.”

मी चहा पिऊन टाकला आणि म्हणालो, “असंल.”

आता ऐक.

आमच्यात रीत आहे की कोरी मूस रिकामी विस्तवावर चढवायची नाही. आधी घरचं सोनं, गुंजभर का होईना, तिच्यात टाकायचं. ते वितळलं की ओतून देवापुढं ठेवायचं आणि मग गिऱ्हाइकाचा माल घालायचा. ह्याला घास म्हणतात. थोरल्या चुलत्यानं मला शिकवलं तेव्हा सांगितलं होतं, उपाशी मूस गिऱ्हाइकाचं खाते. सेलमला एकतीस वर्षांत प्रत्येक कोऱ्या मुशीला मी घास दिला, कधी कोणाचं गुंजभर कमी भरलं नाही. त्या दिवशी सिकंदरनं मूस आणली तेव्हाही दिला. अर्धी गुंज. ओतून काढली, देवापुढं ठेवली, आणि तुझी एक नंबरची पिशवी घातली.

मूस थोडं सोनं पिते हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. जुन्या मुशी आम्ही पोत्यानं कुटतो आणि त्यातून सोनं काढतो. पण पोतंभर मुशींतून जे निघतं त्याला आम्ही सोनं म्हणतो. एका मुशीला काय चिकटलं ह्याचा हिशेब आमच्या धंद्यात कोणी करत नाही, आणि तुझ्या धंद्यात त्यावर डोंगर उभा राहतो. हे मला त्या दिवशी फरशीवर कळलं. दहा, सहा, चार, अडीच. ती तुझी शीर उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत नव्हती. माझी मूस पहिल्या पिशवीपासून आठव्यापर्यंत धुतली जात होती. मी बारावी पिशवी आधी घातली असती तर सोनं दक्षिणेला निघालं असतं.

तू आकडे लिहीत होतीस आणि मी मनात मुशीचा हिशेब करत होतो. आणि नेमकं तेव्हाच, भाकरी मोडता मोडता, तू विचारलंस, “आबा, भट्टी लावताना काही वेगळं केलं का?”

आठ वर्षांनी आबा म्हणालीस. मी न्हाई म्हणालो.

एवढाच गुन्हा आहे. घास देणं ही चूक, ती माफ होण्यासारखी आहे. न्हाई म्हणणं ही चूक नव्हे. मला सगळं समजत होतं. मला वाटलं, हो म्हटलं तर ही उठेल, हात धुवेल, आणि परत आठ वर्षं. म्हटलं आजचा दिवस जाऊ दे, भाकरी तरी संपू दे. मग उद्या, मग परवा. मशीन येऊन उभं राहिलं. सिकंदरला मी तुझे आकडे सांगितले तेव्हा त्यानं एकदाच म्हटलं, “लाला, त्ये डोंगराचं न्हाई, तुज्या मुशीचं हाय. पोरीला सांग.” मी सांगतो म्हणालो. त्यानं चार दिवसांनी विचारलं, सांगितलं का? मी नाही म्हटल्यावर चहा तसाच ठेवून उठला.

आणि घास कशाचा दिला तेही सांगतो, आता अर्धवट ठेवत नाही. बोटातली अंगठी सोडली तर घरात सोनं एकच आहे. तुझ्या आईची बोरमाळ आणि पाटल्या गाळून केलेली कांब. तिचीच अर्धी गुंज छिन्नीनं तोडून घातली. तेव्हा तुझ्या त्या दहा ग्रॅमच्या डोंगरात जे काही होतं ते मंगलचं होतं.

आठ वर्षांमागं तिच्या तेराव्याला मी बोरमाळ गाळली तेव्हा तू विचारलंस, का? मी म्हटलं, सोनं कुठं गेलंय, वजनाला तेवढंच हाय. तू म्हणालीस, “आई वजनाला किती होती, आबा?” मी ती गाळली कारण मला ती बघवत नव्हती. खुंटीला टांगलेली असायची, आणि मला वाटायचं मंगल आत न्हायला गेलीय, आता येऊन घालेल. मी दुसऱ्यांचे दागिने गाळत आयुष्य काढलं. कोणाचा घाट मोडताना हात कधी थांबला नाही, म्हणून वाटलं आपलाही मोडून टाकावा, म्हणजे सुटेल. सुटलं नाही. तुला विचारायला हवं होतं. ती माझ्यापेक्षा तुझी जास्त होती.

आता काम. मशीन थांबव. माझे आकडे खोडून टाक. कंपनीचा साहेब विचारेल तर हे पत्र त्याला दाखव, चूक बापाची आहे, सही खाली आहे. तुझं नाव ह्यात यायला नको. त्या म्हातारीनं तुझ्या शब्दावर सही केलीय.

माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. ह्यावेळी मी वाट बघतो असंही लिहीत नाही, तेही दडपण होईल.

लालासाहेब
(तुझा आबा)


खंडाळा, जि. सातारा
१० फेब्रुवारी

आबा,

पत्र शुक्रवारी मिळालं. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण राग आला होता, आणि रागात मी तुमच्यासारखंच वाकडं लिहिते.

तीन नंबरची पिशवी शिरेची नव्हती. कुठल्याही प्रयोगशाळेला नमुने पाठवताना मी त्यात एक कोरा दगड घालते, ज्यात काही नाही हे मला पक्कं माहीत असतं असा. त्यात सोनं दिसलं की समजायचं, सोनं दगडाचं नाही, भट्टीचं आहे. हे कोणाच्या परीक्षेसाठी नसतं, कामाची पद्धत आहे, आणि प्रयोगशाळेला त्याचा नंबर सांगायचा नसतो. तुम्हालाही म्हणूनच सांगितला नाही. पूड काळपट आहे हे तुम्ही बरोबर हेरलंत.

तेव्हा तुमचे आकडे पुण्याहून आले त्याच दिवशी मला कळलं होतं. ते मी कोणालाही दिलेले नाहीत. माझ्या वहीत आहेत, त्यांच्यावर रेघ आहे. मशीन आधीच ठरलं होतं, त्यांच्या जोरावर आलेलं नाही. घासाची रीतही मला माहीत आहे. लहानपणी सुट्टीत सेलमला आले की मी भट्टीपाशीच बसलेली असायचे, तुम्हाला वाटत होतं मी खेळतेय.

मग कुंडलला आले कशाला, असं विचाराल. तुम्ही होऊन सांगाल म्हणून आले. नाही सांगितलंत, म्हणून विचारलं. तुम्ही न्हाई म्हणालात आणि मी जीपमध्ये बसून निघून आले. पण खरं लिहायचं तर मीही तुम्हाला काही सांगितलं नाही. सगळं माहीत असून फरशीवर डोंगर काढत बसले आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. ते मला शोभलं नाही. फरशी आता पुसून घ्यायला सांगा.

कोरा दगड कुठला, ते तुम्हाला माहीत असावं. आपल्या मळ्याच्या बांधावरचा आहे. पहिली नोकरी लागली तेव्हा एक पोतं भरून नेलं होतं. हट्टीची खाण, कोलार, राजस्थान, जिथं काम केलं तिथं ते पोतं बरोबर होतं. बारा वर्षांत त्या दगडानं एकदाही सोनं दाखवलं नव्हतं. पहिल्यांदा दाखवलं ते तुमच्या हातून.

प्रयोगशाळेचा कागद आलाय. सोनं कुठल्याच नमुन्यात नाही. नऊ आणि दहा नंबरला चांदी आहे, अगदी नावापुरती. ते दक्षिणेचं टोक, मशीन तिकडंच लावलंय, विहिरीपासून लांब. पाणी जिथं उकळलं ती पातळी अजून खाली असू शकते, म्हणून कंपनीनं एकच भोक मारायची परवानगी दिलीय, एकशे वीस मीटर. बहुतेक काही मिळणार नाही. अंबूबाईंना तसं सांगितलंय. त्या म्हणाल्या, “तुजा बाप येऊन गेला की. नाक तसंच हाय. मी चांगल्या घरची म्हनलं तर वशाळला बिचारा.”

बोरमाळेचं मी विसरलेले नाही. तुम्ही लिहिलंत ते वाचलं, तरी विसरलेले नाही. ते राहू दे. पण तीन नंबरचा रवा माझ्याकडेच आहे. पुण्यात तोलला, पण गाळू दिला नाही, काचेच्या नळीत ठेवलाय. का ठेवला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. काल तुमचं पत्र परत वाचून तो भिंगाखाली घेतला. गोल आहे, बोरमाळेच्या मण्यासारखा.

भोकातून दगडाच्या कांड्या निघायला पुढच्या आठवड्यात सुरुवात होईल. प्रयोगशाळा परत दोन महिने घेणार, आणि मला अंदाज रोजचा रोज हवा. शेडच्या मागं भट्टी लावायला जागा करून ठेवली आहे. सिकंदरचाचांकडून वीस कोऱ्या मुशी घ्या, प्रत्येक पिशवीला वेगळी लागेल. घास द्यायचा नाही, एकीलाही नाही. उपाशी मूस माझं काय खाईल ते मी बघते. कोरा दगड पिशव्यांत असणारच, आणि नंबर ह्याही वेळी सांगणार नाही.

माझे कान मोकळे आहेत ते तुमच्यामुळं नाही. आमच्या शेडमध्ये सोनं-चांदी घालून कोणीच येत नाही, हाताचं नमुन्याला लागतं. तौसीफनं तुमच्यासमोर अंगठी काढली ती त्याच्यासाठीच. एकतीस वर्षं सोन्यात काढून तुम्हाला ते कळू नये, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

तेव्हा येताना तुमची अंगठी घरी ठेवून या. चाळीस वर्षांत निघाली नाही म्हणता, तर पाटल्या काढताना आई करायची तसं करा. साबणाचं पाणी लावायचं आणि ओढायची नाही, हळूहळू फिरवायची.

राजेश्वरी